छोट्या शिडाच्या बोटीच्या तारा, दोर आणि कप्प्या: पावसाळ्यात बदलल्यानंतर एका हंगामाचा अनुभव

बोट एंटरप्राइज वर्गातली, ४.०४ मीटर लांबीची, ॲल्युमिनियमच्या डोलकाठीची. पावसाळ्यात ती बेळगावात शेडखाली ट्रेलरवर असते आणि ऑक्टोबर ते मे कारवारला, काळी नदीच्या मुखाशी. गेल्या पावसाळ्यात डोलकाठीच्या बाजूच्या तारा, शिडं चढवायचे दोर, बूम (मुख्य शिडाच्या तळाची आडवी काठी) खाली ओढून धरणारी वँगची जोडणी आणि मेनशीटच्या, म्हणजे मुख्य शीड आवळायच्या-सोडायच्या दोराच्या, कप्प्या बदलल्या. हंगाम संपल्यावरचं मत स्पष्ट आहे: पैसे मर्यादित असतील तर आधी तारा, मग दोर, आणि कप्प्या सगळ्यात शेवटी.

जुन्या तारा लांबून चकाचक दिसत होत्या. दोष होता खालच्या टोकाला, जिथे तार दाबलेल्या नळीत शिरते. खारं पाणी तारेवरून ओघळून तिथेच मुरतं. स्टेनलेसला गंजापासून वाचवणारा थर टिकायला हवा लागते. फटीत हवा पोचत नाही आणि तार आतून खाल्ली जाते. त्यात काही जण तिथे घट्ट टेप गुंडाळतात, त्याने पाणी आणखीच अडकतं. तपासणी सोपी आहे. टोकाजवळून जुनं कापड फिरवायचं. धागा अडकला तर तिथली एक बारीक तार तुटलेली असते. एक जरी तुटली असली तरी दोन्ही बाजूंच्या तारा बदलायच्या.

नवीन तार ३१६ दर्जाच्या स्टेनलेसची, ३ मिमी, १×१९ विणीची (एकोणीस तारांचा एकच पीळ) घेतली. ही वीण कमी ताणली जाते, पण कप्पीवरून वळवायला चालत नाही. म्हणून जिब (पुढचं छोटं शीड) चढवायची तार ७×१९ विणीची (एकोणीस बारीक तारांचे सात पीळ) ठेवली. तिथे दोराऐवजी तारच हवी, कारण या बोटीत डोलकाठीला पुढून ओढणारा सगळा ताण तीच घेते. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागात वर्कशॉपमध्ये हवा तो भाग घडवून मिळतो. ताण कमी-जास्त करायच्या भोकांच्या पट्ट्या तिथे ३१६ च्या ३ मिमी पत्र्यातून उत्तम झाल्या. पत्र्याचं टेस्ट सर्टिफिकेट मात्र मागून घ्या. स्टेनलेसचे ३०४ आणि ३१६ हे दर्जे चुंबकाने वेगळे ओळखता येत नाहीत आणि ३०४ वर समुद्रावर थोड्याच दिवसांत तपकिरी डाग पडतात. तारेची टोकं तिथे दाबून घेऊ नका. त्याला नेमक्या मापाचा साचा आणि त्याचं यंत्र लागतं. टोकं बसवलेल्या तयार ताराच मागवाव्यात.

खाऱ्या पाण्याइतकाच त्रास रस्ता देतो. खानापूर, जोयडा, अणशीच्या वळणांवर ट्रेलर हादरतो आणि तार नळीच्या तोंडाशी पुन्हा पुन्हा वाकते. प्रवासात तारा डोलकाठीला दर अर्ध्या मीटरवर बांधाव्यात आणि टोकं मोकळी लोंबू देऊ नयेत. पिनांच्या रिंगा हादऱ्याने सुटतात, म्हणून उतरल्यावर प्रत्येक पिन हाताने चाचपायची.

मेन, म्हणजे मुख्य, शीड चढवायला ४ मिमी डायनिमा (जवळजवळ न ताणला जाणारा मजबूत कृत्रिम दोर) लावला, आणि बोट चालवताना सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडला. पूर्वीचा पॉलिस्टर दुपारच्या वायव्येच्या वाऱ्यात ताणला जायचा, शीड खाली सरकायचं आणि पुढच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडायच्या. आता एकदा आवळलं की उतरेपर्यंत जागेवर. पण डायनिमाला गाठ मारू नये: तो निसरडा असतो, गाठ सरकते आणि ताकद निम्म्याच्या आसपास येते. टोकाचा फासा दोर दोरातच ओवून करायचा. आत जाणारा भाग जाडीच्या ७२ पट, म्हणजे ४ मिमीला साधारण २९ सेंटिमीटर. शेवटच्या काही सेंटिमीटरमधले धागे एकेक कापून तो निमुळता करायचा, तोंडाशी शिवण घालायची. ओवायला पातळ पोलादी तार दुमडून केलेला आकडा पुरतो. दोर क्लीटमध्ये (दोर अडकवून धरणाऱ्या पकडीत) येतो तेवढ्या भागावर पॉलिस्टरचं आवरण हवंच, नाहीतर तो सटकतो. हे आवरण एका हंगामात झिजून केसाळ झालंय. ते दरवर्षी बदलायचं धरून चाला.

वँगला २:१ वर ४:१ अशी ८:१ जोडणी केली, म्हणजे हाताची ओढ आठपट होते. इथे बॉल बेअरिंगच्या महागड्या कप्प्यांची गरज नाही. सतत एकाच जागी ताण राहिला की त्यातले प्लॅस्टिकचे गोळे चपटे होतात. साध्या बुशच्या कप्प्या इथे जास्त टिकतात. बॉल बेअरिंग मेनशीटला शोभतात, कारण तिथे दोर सतत पळतो. मात्र नदीमुखाचा गाळ त्यांत शिरून चाक खरखरतं. प्रत्येक वेळी गोड्या पाण्याची धार द्यावी. तेल नको, त्याने गाळ चिकटून बसतो.

डोलकाठीवर स्टेनलेसचा रिव्हेट किंवा स्क्रू ॲल्युमिनियमला थेट टेकला की भोवती पांढरी भुकटी येते आणि भोक मोठं होत जातं. मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) रिव्हेट मिळाले तर तेच वापरा, नाहीतर मध्ये नायलॉनचा वॉशर आणि गंजरोधक पेस्ट.

डोलकाठी उभी केल्यावर मेन शीड चढवायच्या दोराने पोलादी टेप वर चढवून दोन्ही काठांवरच्या तारांच्या पट्ट्यांपर्यंत मोजा. मापं सारखी येईपर्यंत भोकं बदलत राहायचं. तोच टेप मागच्या फळीच्या वरच्या कडेला लावून जे माप येईल ते लिहून ठेवा. डोलकाठीचा मागचा कल पुढच्या वेळी पाच मिनिटांत जुळतो.

पावसाळ्यात डोलकाठीच्या आतले सगळे दोर काढून घ्यावेत. काढताना टोकाला पातळ नायलॉनची दोरी शिवून ती डोलकाठीत राहू द्यायची, म्हणजे ऑक्टोबरमध्ये ओवणं सोपं जातं. दोर कोमट पाण्यात धुवून सावलीत वाळवा. शीड सैल गुंडाळून कोरड्या खोलीत, छताला टांगून. बेळगावच्या जुलैच्या दमटपणात बुरशी लवकर येते आणि जमिनीवर ठेवलं तर उंदीर कुरतडतात.