गोष्ट थेट कॉलवर सांगावी की ध्वनिमुद्रित करून पाठवावी?

आजी-आजोबा आणि नातवंडे दूर राहत असतील, तर गोष्टींचे नाते टिकवण्याचे दोन मार्ग सहज हाती असतात: ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉलवर गोष्ट सांगणे, किंवा ती ध्वनिमुद्रित करून पाठवणे.

थेट कॉलची खरी ताकद मुलाच्या मध्येच येणाऱ्या प्रश्नात आहे. "मग त्या कोल्ह्याला भूक नव्हती का?" असे विचारले की आजोबा थांबतात, चष्मा वर सरकवतात आणि गोष्टीला नवे वळण देतात. मात्र येथे तंत्राची साथ लागते. आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचण्यास शक्यतो १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. तो फार वाढला की दोघे एकाच वेळी बोलू लागतात आणि गोष्टीचा धागा तुटतो. शिवाय उतारवयात सहसा उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात, त्यामुळे मुलांच्या बोलण्यातले 'स' आणि 'श' निसटतात.

ध्वनिमुद्रणात वेळेचे बंधन नसते, दम लागला तर थांबता येते, आणि मूल तीच गोष्ट हवी तितक्या वेळा ऐकू शकते. पण समोर ऐकणारा चेहरा नसतो, आणि सांगणाऱ्याला ते किती सुनेसुने वाटत असेल, याचा विचार फारसा कोणी करत नाही.

म्हणूनच माझा कल थेट कॉलकडे आहे. वेळा जुळतच नसतील, तर ध्वनिमुद्रित गोष्ट पाठवावी आणि मुलाचा प्रश्न त्याच्याच आवाजात आजोबांपर्यंत पोहोचवावा.