नवी कडी म्हणून माझीच जुनी कडी मला विकली

ऊस वाहतूक करणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्यानं हे वाचावं म्हणून लिहितोय. आमच्या कर्नाटकातल्या निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी भागात गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या रांगेत उभ्या गाड्यांभोवती माणसं फिरायला लागतात. कोण टायर विकतो, कोण बॅटरी, कोण ताडपत्री. त्यांच्यातच एक कडीवाला असतो, म्हणजे ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरच्या हूकला जोडणारी लोखंडी कडी बदलायला गिऱ्हाईक गाठणारा. त्यानं आणि त्याच्या वर्कशॉपवाल्यानं मिळून माझे 14,450 रुपये खाल्ले, आणि वर माणूस मरायची वेळ आणली.

माझी ट्रॉली दोन चाकी आहे. ब्रेक मारला की मागून धक्का बसायचा, गिअर टाकून निघताना खाड्‌कन आवाज यायचा. म्हणजे कडी झिजून ढिली झालेली होती, हे खरंच होतं. रांगेत उभा असताना तो माणूस आला, दांडीला हात घालून हलवून दाखवली आणि म्हणाला, "मालक, कडी गेलीया तुमची. वाटेत निसटली तर कुणाचा तरी जीव जाईल." पुढचं तुम्हाला माहीतच आहे. आधी भीती, मग "आपलाच माणूस हाय, कमी करून देतो", मग "आजच करा, उद्या माल संपतोय". असल्या बोलण्याला मी सहसा भुलत नाही. पण इथं आजार खरा होता आणि औषध खोटं दिलं गेलं. खोटाच आजार सांगितला असता तर मी त्याला तिथूनच हाकलला असता.

वर्कशॉप सीमेवरच्या कोगनोळीच्या पलीकडं, महाराष्ट्राच्या हद्दीत. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं सगळं घोडं इथंच अडलं.

तिथल्या मिस्त्रीनं कडीच्या भोकातून जाणारी पिन काढून दाखवली. पिन मधेच झिजून बारीक झालेली, कडीचं भोक ओढीच्या बाजूला लांबट झालेलं. दोन चाकी ट्रॉलीचं असंच होतं. चार चाकी ट्रॉलीत माल दोन्ही ॲक्सलवर बसतो, दोन चाकीत मात्र त्यातला काही भार थेट ट्रॅक्टरच्या हूकवर येतो. ऊस पुढं जास्त भरला की हूकवर भार वाढतो, ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग ऐकत नाही. मागं जास्त भरला तर दांडी वर उचलते आणि प्रत्येक खड्ड्यात कडी हूकवर आपटते. त्यात ग्रीसमध्ये माती मिसळली की ती कानशीसारखं लोखंड खाते. मिस्त्री हे सगळं बरोबर बोलला. काम येणारा माणूस होता, म्हणून तर विश्वास बसला.

"फोर्जिंगची नवी कडी टाकतो, दोन तास लागतील, जेवून या," म्हणाला. आता कुणी म्हणेल, डोक्यावर उभं का राहिला नाहीस? त्यांना एवढंच सांगतो, तोडणीची टोळी फडात बसलेली, तोडलेला ऊस वाळून वजन घटतंय, मुकादमाचे फोनवर फोन. मी तेवढ्या वेळात डिझेल भरायला आणि टोळीचं सामान आणायला गेलो. हंगामात ट्रॅक्टरवाल्याकडं दोन तास बसून राहायला वेळ नसतो. फसवणाऱ्यांना हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

परत आलो तेव्हा कडी बसवून झाली होती. मी हात लावला, तर बोटाला काळा रंग लागला. नव्या मालाचा रंग ओला कसा, असं मी विचारलं. हो, विचारलं! तो म्हणाला, वेल्डिंगच्या जागी आत्ताच मारलाय, गंज धरू नये म्हणून. पटण्यासारखं उत्तर होतं. मग मी भोकाच्या आत बोट फिरवलं. आत बारीक तिरप्या रेषा लागल्या आणि एका जागी खवल्यासारखा उंचवटा. तो म्हणाला, लेथच्या रेषा आहेत. त्या क्षणी समोर पुरावा होता! लेथ म्हणजे लोखंड गोल कातायचं यंत्र, त्याची रेष भोकाच्या गोलाईबरोबर गोल फिरते. तिरपी रेष हँड ग्राइंडरची असते, आणि खवला असतो वेल्डिंगच्या थराचा. फोर्जिंगच्या, म्हणजे तापवून ठोकून घडवलेल्या कडीला आत खवला येईलच कुठून? ते बोट मला आजही आठवतं आणि अंगाची आग होते. पण मला सांगा, किती शेतकऱ्यांनी लेथच्या रेषा बघितल्यात? आपण त्या कामाचे पैसे देतो ते त्याला ते येतं म्हणूनच ना.

जुनी कडी मागितली. "भंगारात टाकली, वजनाचे 180 रुपये बिलातून कमी केलेत." बघा, हिशोब किती चोख. कडी 5,800, पिन 1,450, मजुरी 3,380, ॲक्सल सरळ करण्याचे 4,000, वजा 180. साध्या कागदावर लिहून दिलं, खाली सही नाही, जीएसटी नंबर नाही. जुना पार्ट दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नका. तुमचा पार्ट तुमच्या मालकीचा आहे, भंगारात घालायचा की घरी न्यायचा हे तुम्ही ठरवायचं.

काही दिवसांनी वेदगंगेकडून वर येणाऱ्या चढावर भरल्या ट्रॉलीची कडी तुटली. दांडी डांबरात रुतली, ट्रॉली मागं सरकून कडेच्या चरीत कलंडली. मागून शाळेची पोरं सायकलवरून येत होती. ती लांब होती म्हणून वाचली. हीच कडी तवंदी घाटात तुटली असती तर? क्रेनचे 8,500 गेले, ऊस पुन्हा भरायचे 4,200 गेले. हूक आणि दांडीमध्ये जादा साखळी बांधा, आजच बांधा. माझ्या ट्रॉलीला ती नव्हती आणि त्या मिस्त्रीनंही एवढं बिल करताना तिचं नाव काढलं नाही.

तुटलेली कडी मी उजेडात धरली. तुटलेल्या जागेचा थोडाच भाग ताजा, चकचकीत होता. बाकीचा काळपट, म्हणजे चीर आधीपासून वाढत होती. आतल्या बाजूनं वेल्डिंगचा थर सालीसारखा सुटलेला. आणि रंगाचा पोपडा निघाला तिथं छिन्नीच्या तीन खुणा. माझ्या थोरल्या भावानं मारलेल्या! आमच्याकडं मळणीच्या दिवसांत ट्रॉली या शेतातून त्या शेतात फिरते, कड्या-पिना बदलल्या जातात, म्हणून त्यानं आमच्या सगळ्या लोखंडावर त्या खुणा केल्यात. माझीच कडी कापून काढली, झिजलेल्या जागी वेल्डिंगच्या साध्या रॉडनं भराव घातला, ग्राइंडर मारला, रंग दिला आणि 5,800 रुपयांना मलाच परत विकली. वर तिच्याच भंगाराचे 180 रुपये मला दिले!

झिजलेल्या कडीत असा भराव कधीच घालू देऊ नका. वेल्डिंगच्या कडेचं लोखंड तापून एकदम थंड झालं की कडक आणि ठिसूळ होतं, तिथूनच चीर धरते. 4,000 रुपये घेऊन सरळ केलेल्या ॲक्सलला तर कुणी हातही लावला नव्हता. ॲक्सल आवळणाऱ्या यू-बोल्टच्या नटावर जुना गंज आणि वाळलेला चिखल जसाच्या तसा. ॲक्सल तिरका आहे का हे तुम्ही स्वतः टेपनं बघू शकता. कडीच्या मध्यापासून दोन्ही चाकांच्या हबपर्यंतचं अंतर मोजा. सारखं आलं तर पैसे खिशातच ठेवा.

मी वर्कशॉपवर गेलो. मालक म्हणाला, "ही कडी आमची नाहीच, पावतीवर कुठं आमचं नाव आहे?" मग सुरू झाली खरी वणवण. आमच्या बाजूच्या पोलिस ठाण्यात गेलो. दुकान महाराष्ट्रात आहे, तिकडं जा. शिवाय अर्ज मराठीत चालणार नाही, कन्नडमध्ये लिहून आणा. माझ्या घरात कन्नड लिहिणारं कोण नाही, म्हणून 300 रुपये देऊन अर्ज लिहून घेतला, तोही टेबलावरच राहिला. पलीकडच्या ठाण्यात गेलो, तर गाडी केए 23 म्हणजे कर्नाटक पासिंग, कडी तुटली कर्नाटकात, तिकडंच तक्रार द्या. एक जण तर म्हणाला, हा दिवाणी मामला आहे. कारखान्याच्या शेती खात्यात सांगितलं की तुमच्या रांगेत दलाल फिरतात, त्यांना निदान गेटबाहेर काढा. उत्तर मिळालं, यार्डाबाहेरच्या व्यवहाराशी आमचा संबंध नाही. ऊस यार्डात, गाडी यार्डात, दलाल यार्डात, आणि संबंध नाही! 1956 सालापासून सीमाभागातला माणूस या हद्दीच्या दोरीवर लोंबकळतोय. मतं मागायला दोन्हीकडचे येतात, तक्रार घ्यायला कुणीच नाही. चोराला हद्द आडवी येत नाही, ती फक्त आम्हालाच येते का?

आणि कायदा काय सांगतो ते एका ओळखीच्या वकिलांकडून कळलं तेव्हा तर आणखी संताप झाला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणं गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची असते. हद्द नाही म्हणून परत पाठवलं तर हा कलम नंबर तोंडावर सांगा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, दुकान पलीकडच्या राज्यात असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. दोन वर्षांच्या आत करावी लागते. "ट्रॅक्टर भाड्यानं चालवतोस, म्हणजे तू व्यापारी, ग्राहक नाहीस" असं समोरचा वकील म्हणेल. स्वतः राबून पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा माणूस त्या कायद्यात ग्राहकच धरलाय, हे ध्यानात ठेवा. 1915 ही हेल्पलाइनही आहे.

नवी कडी मी दुसरीकडून घेतली, पिनेसह 7,900 रुपयांना, पक्क्या बिलावर. तिथल्या मिस्त्रीनं व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी लावून भोक उभं-आडवं मोजून दाखवलं, दोन्ही माप सारखं. त्यानंच दाखवलं की माझी ट्रॉली जोडल्यावर पुढं झुकते, म्हणून हूक वर घेतला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं त्या कोगनोळीपलीकडच्या मिस्त्रीनं, आणि त्यानं त्यातलं काहीच केलं नाही.

बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करतोय. तुटलेली कडी पोत्यात बांधून ठेवलीय, तिला कुणाला हात लावू देत नाही. यंदाच्या हंगामात कोगनोळीच्या पलीकडं कुणी कडी बदलली असेल तर आज रंग खरवडून भोकाच्या आत बघा, फोटो काढा, कागद कितीही साधा असला तरी जपून ठेवा आणि मला कळवा. आपण चार-पाच जण मिळून एकत्र तक्रार देऊ.