पार्किन्सनच्या पेशंटसाठी फिजिओथेरपी, होटगी रोड, सोलापूर : आमचा अनुभव

आमच्या अप्पांना पार्किन्सन आहे. आधी जिथं न्यायचो तिथं गुडघ्याला शेक, मशीन आणि लगेच पुढचा नंबर, चालताना पाय जमिनीला चिकटतात असं सांगूनसुद्धा कुणी त्यांना चार पावलं चालवून बघितलं नाही. होटगी रोडच्या ह्या सेंटरमध्ये मॅडमनी आधी विचारलं, काका गोळी किती वाजता घेता? मग म्हणाल्या गोळीचा असर असताना आणा, असर उतरल्यावर नुसती दमछाक होते. लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनची ती गोळी, जेवणाच्या अर्धा तास आधी का, तर प्रोटीनमुळे ती नीट शोषली जात नाही, हे कारण पण त्यांच्याकडूनच कळलं.

सगळ्यात जास्त फरक पाय अडकण्यात पडला. अप्पा दारात आले की खिळल्यासारखे थांबायचे. अशा वेळी हात धरून ओढायचं नाही, तोल जातो. आधी थांबायचं, वजन ह्या पायावरून त्या पायावर टाकायचं आणि मग मोठं पाऊल. फरशीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्यात त्या ओलांडत चालवतात, सोबत मोबाईलवर टक-टक ठेका लावतात. अप्पांचा जन्म चादरीच्या कारखान्यात गेला, ठेका ऐकून म्हणाले "मागावानी वाजतंय की" आणि हॉलच्या त्या टोकापर्यंत न अडकता गेले, आई बघतच राहिली. चालणं आपोआप होत नाही तेव्हा डोळ्याला नाहीतर कानाला खूण दिली की पाऊल उचलतं, एवढं साधं आहे आणि एवढे दिवस कुणी सांगितलं नव्हतं.

होम व्हिजिटचे पैसे वेगळे पण नक्की घ्या. घरी येऊन त्यांनी पायपुसणी उचलायला लावली, उंबऱ्यापुढं रंगीत टेप लावली, संडासात धरायला दांडी बसवायला सांगितली आणि अप्पांना कुशीवर वळवून, पाय खाली सोडून कसं उठवायचं ते आईकडून करून घेतलं. आईची कंबर वाचली ओ.

जेवताना ठसका लागायचा त्यासाठी स्पीच थेरपिस्ट आहेत. सोलापूरच्या माणसाला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सोड म्हणणं म्हणजे अवघड काम, पण त्यांनी तोडलं नाही, भाकरी आमटीत मऊ होईपर्यंत भिजवून आणि चटणी कोरडी न देता दह्यात कालवून, ताठ बसून, छोटा घास. आवाज मोठा काढायचा व्यायाम पण घेतात, आता फोनवर अप्पांचं बोलणं बहिणीला कळतं. फक्त त्या शनिवारीच असतात, हे कमी पडतं. आणि दारात पायऱ्या आहेत, रॅम्प नाही, असल्या पेशंटच्या जागी हे चालत नाही, तेवढं करून घ्यावं.

आजार बरा करतो असं मॅडम एकदाही बोलल्या नाहीत, हा वाढतच जाणार हे तोंडावर सांगितलं, म्हणूनच माझा विश्वास बसला. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात पार्किन्सन धरलाय, सर्टिफिकेटला अर्ज करा हे पण त्यांनीच सुचवलं.

नाव घालायचं असेल तर उन्हाळ्यात सकाळचीच वेळ मागा, ह्या आजारात उभं राहिल्यावर बीपी एकदम उतरू शकतो आणि आपल्याकडचं दुपारचं ऊन तर माहितीच आहे.