दिवसा सोफा, रात्री बेड: आठ महिन्यांनंतर

घेताना रंगावर भाळलो, हे आधीच कबूल करतो. मोरपंखी कापड, बारीक लाकडी पाय. स्वस्तातला आहे असं कुणालाच वाटत नाही. पाठीचा भाग पुढे ओढायचा, ‘खट्’ झालं की मागे सोडायचा, झाला आडवा. बायको एका हाताने करते. मला अजून दोन लागतात.

बसायला झकास. झोपायला... दोन भाग जुळतात तिथे लांबच्या लांब खाच आहे, चांगली दोन बोटं रुंद. एकटा माणूस मधोमध झोपला की ती नेमकी मणक्याखाली येते. पहिला पाहुणा मेहुणा. सकाळी काही बोलला नाही, नुसती पाठ चोळत बसला. आता वर रजईची दुहेरी घडी टाकतो. चादर मात्र रात्रभर घसरते, खोचायला कडाच नाही.

भिंतीला चिकटवून ठेवलात तर उघडताना दरवेळी पुढे ओढावा लागतो. फरशीवर ओरखडे उठल्यावर आम्ही पायांखाली फेल्टचे तुकडे चिकटवले. आणि मोजमाप उघडलेल्या बेडचं घ्या बरं का. मी 6 फुटांचा, बेड पावणेसहा. पाय बाहेर.