हातांचा कंप: डीबीएस करावी की फोकस्ड अल्ट्रासाऊंड?

प्रोप्रॅनोलॉल झाली, प्रिमिडोन झाली, डोसही वाढवून झाला; तरी चहा बशीत सांडतो आणि चेकवरची सही जुळत नाही म्हणून बँकेतून परत यावं लागतं. इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे हात थरथरण्याचा हा आजार, या टप्प्याला आला असेल तरच पुढचं वाचा. साधारण निम्म्या लोकांचं गोळ्यांवर बऱ्यापैकी भागतं.

डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) आणि फोकस्ड अल्ट्रासाऊंड या दोन्ही उपायांचा नेम एकाच जागी असतो: मेंदूतल्या थॅलॅमसमधला व्हीआयएम हा छोटासा भाग. डीबीएसमध्ये तिथे वीज सोडणारी तार बसवून ती कातडीखालून छातीतल्या बॅटरीला जोडतात. ही पद्धत फ्रान्समधल्या ग्रेनोबलचे न्यूरोसर्जन बेनाबिद यांनी १९८७ मध्ये पुढे आणली आणि अमेरिकेत तिला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. अल्ट्रासाऊंडमध्ये कवटीला भोक नाही, तार नाही. डोक्याचा गोटा करून एमआरआयमध्ये झोपवतात आणि ध्वनिलहरींच्या उष्णतेने तो भाग जाळतात. अमेरिकेतली मान्यता २०१६ ची, म्हणजे लांबचा अनुभव कमी.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे व्हिडिओ त्याच दिवसाचे असतात. हात थांबला, गोल नीट काढला, घरचे रडले. विचारायचं ते दहा वर्षांनंतरचं.

डीबीएसने सुरुवातीला कंप बहुधा ६० ते ८० टक्के कमी होतो. पुढे अनेकांचा फायदा घसरतो. एक तर आजारच वाढतो, दुसरं म्हणजे मेंदूला त्या विजेची सवय होते. मशीन बंद करून पाहिलं आणि कंप ऑपरेशनआधीपेक्षाही जास्त दिसला, तर आजार वाढलाय असं समजायचं. करंट वाढवता येतो, पण मग जीभ जड होते, तोल जातो. दोन्ही बाजूंना तारा असतील तर जास्तच. मेंदूला विजेची सवय लागू नये म्हणून झोपताना मशीन बंद ठेवायला सांगतात, झोपेत कंप नसतोच. एवढं सगळं धरूनही, दहा वर्षांनी तपासलेल्या रुग्णांत मशीन चालू असताना हात बंदपेक्षा स्थिर दिसले आहेत.

मात्र हा फायदा सेटिंगवर टिकतो, आणि ते करून घ्यायला पुन्हा पुन्हा मोठ्या शहरात जावं लागतं. साताऱ्याहून पुणं दोन-अडीच तासांवर. सांगलीहून गेलं की आख्खा दिवस मोडतो. साधी बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. चार्जिंगची पंधरा वर्षं किंवा जास्त चालते, पण चार्ज करायची आठवण घरातल्या कुणाला तरी ठेवावी लागते. शिवाय जंतुसंसर्ग, तार तुटणं आणि क्वचित मेंदूत रक्तस्राव हे धोके आहेतच.

अल्ट्रासाऊंडला हा व्याप नाही. २०१६ च्या ७६ जणांच्या चाचणीत हाताच्या कंपाचा स्कोअर तीन महिन्यांनी ४७ आणि वर्षाने ४० टक्के सुधारलेला होता. पण जळलेला भाग परत येत नाही, आणि चालताना तोल जाणं किंवा बधिरपणा काहींना कायमचा राहतो. काहींचा कंप परततो. कवटीची घनता जुळली नाही तर उपचारच होत नाही. दुसऱ्या हाताला मान्यता २०२२ च्या शेवटी मिळाली, तीही पहिल्यानंतर किमान नऊ महिन्यांनी.

माझं मत विचाराल तर पन्नाशी-साठीचा माणूस, दोन्ही हात बिघडलेले आणि पुण्याला नेणारं कुणी हक्काचं असेल, तर डीबीएस. पंच्याहत्तरीतले आजोबा, एकच हात नडतोय आणि मुलं परदेशात, तर अल्ट्रासाऊंड.

डीबीएस झालेल्याने गुडघेदुखीसाठी शॉर्टवेव्ह डायथर्मी कधीच घेऊ नये. तारेचं टोक तापून मेंदूला इजा होते. फिजिओथेरपिस्टला आधीच सांगा, आणि मशीनचं कार्ड खिशात ठेवा.