दर महिन्याला सहा हिरव्या खुणा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचं गॅस्केट आणि सीलचं छोटं युनिट आहे. घर दांडिया बाजारात. कोटेशन आणि बिलं आमच्या स्वतःच्या डोमेनवरून जातात, दिवसाला तीस-चाळीस मेल. २०२४ च्या फेब्रुवारीत जीमेलने नियम कडक केले, आमचे काही मेल स्पॅममध्ये पडू लागले, आणि त्याच सुमारास एक गृहस्थ ऑफिसात आले. मराठीच. बोलायला गोड, पहिल्याच भेटीत मला 'काका' करून टाकलं.

म्हणाले, एसपीएफ (आपल्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवायचे त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची सही) आणि डीमार्क (दोन्ही चुकले तर मेलचं काय करायचं ते) हे तिन्ही नसतील तर डोमेन बंद पडेल. आता कळतं, तिन्हींची सक्ती दिवसाला ५,००० मेल पाठवणाऱ्यांवर होती. आमच्यासारख्यांना पहिल्या दोनांपैकी एक पुरत होतं, आणि दुसऱ्याचं डोमेन बंद करणं जीमेलच्या हातात नसतंच. पण तेव्हा मी घाबरलो. देखरेखीचे वर्षाला १४,००० आणि दर तिमाहीला किल्ली बदलायचे २,५०० वेगळे. दिले.

डीकेआयएमची ही किल्ली म्हणजे काय, ते पैसे गेल्यावर शिकलो. आपला सर्व्हर जाणाऱ्या प्रत्येक मेलवर गुप्त किल्लीने सही करतो. तिची जोडीदार, उघडी किल्ली, डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे जाहीर नोंदवहीत, टांगलेली असते. समोरचा सर्व्हर तिच्याशी सही ताडून बघतो. अशा प्रत्येक जोडीला एक नाव असतं, सिलेक्टर. एका डोमेनला अशी कितीही नावं चालतात, आणि घोळ तिथेच होता.

दर महिन्याला पीडीएफ यायचा. सहा ओळी, सहा हिरव्या खुणा. मी तो बायकोला दाखवून फाईलला लावायचो.

मग नाशिकच्या ग्राहकाकडच्या अकाउंटंट बाईंचा फोन आला, "तुमच्या नव्या खात्यात ३,८०,००० भरले, पावती पाठवा ना." आमचं नवं खातंच नव्हतं. त्यांनी तो मेल दाखवला तेव्हा घाम फुटला. आमचा पत्ता, आमचा लोगो, सहीखाली माझं नाव. फक्त उत्तर जायचा पत्ता भलताच होता, आणि तो कोण बघतं? १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे भरून पाच दिवस झाले होते. ६२,००० गोठले, बाकी गेले.

भाचा संगणकातला. त्याने नाशिकच्या बाईंना जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल', म्हणजे मेलचं मूळ रूप, उघडायला लावलं. डीकेआयएम पास! म्हणजे सही आमचीच. "मामा, हा 'न्यूज' सिलेक्टर कुणाचा?"

आठवायला वेळ लागला. २०१९ मध्ये दिवाळीच्या ऑफरचे मेल पाठवायला एका पोराकडून वेगळा सर्व्हर लावून घेतला होता. काम संपलं, त्याने ते मशीन वाऱ्यावर सोडलं, पण उघडी किल्ली आमच्या डीएनएसमध्ये तशीच राहिली. त्या मशीनमधून गुप्त किल्ली ज्याच्या हाती लागली, तो आमच्या नावाने सही करायला मोकळा. वर्षभर देखरेखीचे पैसे घेणाऱ्या माणसाला ती एक ओळ दिसली नाही, कारण सुरुवातीच्या नोंदी टाकल्यावर त्याने डीएनएस पुन्हा उघडलंच नव्हतं.

आणि किल्ली बदलायचे २,५००? त्याच्या पीडीएफमध्ये '२०४८ बिट, नवीन' असं लिहिलेलं असे. भाच्याने डीएनएसमधली ओळ मोठी करून दाखवली. सुरुवात एम-आय-जी-एफ. "मामा, ही १०२४ ची आहे. २०४८ ची एम-आय-आय-बी पासून सुरू होते." मी मागे एकदा हुशारी करून किल्लीची पहिली आणि शेवटची अक्षरं जुन्या कागदाशी जुळवली होती आणि जुळली म्हणून त्या गृहस्थांना जाब विचारला होता. तो हसला होता, "काका, ती सगळ्या किल्ल्यांची सारखीच असतात." ते मात्र खरं आहे! एका मापाच्या किल्ल्यांची दोन्ही टोकं बहुतेक सारखीच दिसतात, फरक मधे असतो. खऱ्याच्या आडोशाने खोटं बोलणारा माणूस मोठा कसबी. आम्ही मधली अक्षरं पहिल्या महिन्याच्या कागदाशी ताडली. किल्ली एकदाही बदलली नव्हती.

सगळ्यात झोंबलं ते पुढचं. डीमार्कच्या नोंदीत एक पत्ता देता येतो. मोठे मेलवाले, जीमेल धरून, तिथे रोज अहवाल पाठवतात: तुमच्या नावाने कुठल्या आयपीवरून, म्हणजे मशीनच्या पत्त्यावरून, किती मेल गेले, सही पास की फेल. आमच्या नोंदीत पत्ता त्याचा होता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ना, इथे चौकीदाराची हजेरी चौकीदारच लावत होता. तो चोरीत सामील होता असं मी म्हणत नाही. आळशी होता आणि निर्लज्ज होता, इतकं पुरे.

भाच्याने 'न्यूज'ची किल्ली लगेच रिकामी केली. चालू सिलेक्टरला लगेच हात लावला नाही. शेजारी २०४८ ची नवी जोडी बसवली आणि वाटेतले मेल अडकू नयेत म्हणून जुनी आठवडाभर तशीच ठेवून मग काढली. लांब किल्ली एका तुकड्यात २५५ अक्षरांपलीकडे जात नाही, तुकडे जोडताना एक अक्षर गळलं आणि अर्धा दिवस सगळं फेल. अहवालाचा पत्ता आता माझा आहे. पहिल्याच आठवड्यात दिसलं, त्याच परक्या आयपीवरून आणखी अकरा मेल सुटले होते, या वेळी फेल. मग डीमार्कची सूचना 'नन' (काही करू नका) वरून 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका) केली.

देखरेखवाल्याला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. एक तारखेला त्याचा पीडीएफ आला, सोबत नूतनीकरणाचं बिल. सहा हिरव्या खुणा. आम्ही पंधरा दिवसांपूर्वी काढून टाकलेल्या सिलेक्टरसमोर लिहिलं होतं, 'स्थिती उत्तम'.