"इंजिन एकदम थंड चालतं": जुन्या सेडानच्या सौद्यात मला असं फसवलं

जुनी सेडान घेताना माझी फसवणूक झाली ती मुठीत मावेल एवढ्या भागाच्या जोरावर. तो भाग म्हणजे थर्मोस्टॅट: इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, म्हणजे कूलंटची, वाट तापमानाप्रमाणे उघडणारी झडप. विकणाऱ्याने तो काढून टाकला होता आणि हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांच्यामधला सांधा घट्ट बंद ठेवणारा पातळ थर) गेलेली गाडी माझ्या गळ्यात मारली. ही युक्ती जुनी आहे आणि या धंद्यात मुरलेल्यांना ती चांगली ठाऊक असते. घेणाऱ्यांना मात्र ती माहीत नसते, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

इंजिन गार असेपर्यंत थर्मोस्टॅट बंद राहतो आणि कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. बहुतेक गाड्यांत ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास तो उघडू लागतो. तो काढून टाकला की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतं. मग एरवी चढावर उकळणारी गाडी छोट्या टेस्ट ड्राइव्हमध्ये अगदी सुतासारखी वागते.

मी गाडी बघायला गेलो तेव्हा बॉनेट कोमट लागत होतं. "आत्ताच धुऊन आणली," असं सांगण्यात आलं. चालवताना तापमानाची सुई मध्यापर्यंत येतच नव्हती. विचारलं तर उत्तर तयार होतं: "इंजिन एकदम थंड चालतं, काळजीच नको." हे वाक्य नीट लक्षात ठेवा. निरोगी इंजिन काही वेळ चालल्यावर आपल्या ठरलेल्या तापमानाला येतं आणि तिथेच टिकतं. सुई खालीच रेंगाळत असेल तर तो बिघाड आहे, गाडीचा गुण नव्हे.

आता कोणी म्हणेल, मग चेक इंजिनचा दिवा कसा लागला नाही? इंजिन पुरेसं तापत नाही हे ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, कळतं आणि तो पी०१२८ हा बिघाडाचा कोड नोंदवतो. पण कोड पुसता येतात, आणि इथे ते पुसलेलेच होते. पुसल्याची खूण मात्र मागे राहते. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं छोटं यंत्र) लावून रेडीनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या कोणत्या तपासण्या पूर्ण केल्या त्याची यादी, बघा. कोड नुकतेच पुसले असतील तर त्यांतले बरेच 'अपूर्ण' दिसतात आणि गाडी वेगवेगळ्या वेगांत बरीच चालल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. साधा स्कॅनर स्वस्तात मिळतो आणि कूलंटचं खरं तापमान अंशांत दाखवतो. ज्या गाड्यांत सुईच नसते, नुसता दिवा असतो, तिथे तर तो हवाच.

गाडी घरी आल्यावर कूलंट कमी होऊ लागलं. खाली एक थेंब सांडलेला नसायचा. सकाळी सुरू करताना इंजिन क्षणभर मिसिंग मारायचं (अडखळायचं) आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर यायचा. माझ्या मेकॅनिकने रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरली. इंजिन चालू होतं आणि द्रव बघता बघता पिवळा पडला. म्हणजे सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये शिरत होता. थर्मोस्टॅटचं घर उघडलं तर आत काहीच नाही. रेडिएटरमध्ये तपकिरी गाळ होता, गळती बुजवायला ओतलेल्या पावडरीचा. त्या गाळाने हीटरच्या नळ्याही चोंदवल्या होत्या.

खर्चाचं गणित नीट समजून घ्या, कारण "गॅस्केट काय, स्वस्तात येतं" असं सांगून पुन्हा फसवतात. गॅस्केट खरंच स्वस्त असतं. महाग पडतं ते हेड उतरवणं. हेड उतरलं की ते वाकलंय का, चीर गेली आहे का हे तपासायचं, गरज असेल तर फेसिंग करून (पृष्ठभाग घासून सपाट करून) घ्यायचं. बऱ्याच इंजिनांत हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते नवे घ्यावे लागतात. टायमिंग (इंजिनच्या झडपा वेळेवर उघडणारी यंत्रणा) उघडलेलंच असतं, म्हणून जीर्ण झालेली चेन किंवा बेल्ट आणि वॉटर पंप तेव्हाच बदलणं शहाणपणाचं. वर ऑइल, कूलंट, आणि माझ्या बाबतीत रेडिएटरही. एकूण खर्च गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या घरात गेला आणि त्यात मजुरीच सर्वांत जड होती.

लोअर आर्मचे बुश खडखडणं, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर सीव्ही जॉइंटची कटकट, व्हील बेअरिंगची घरघर, हे जुन्या सेडानमध्ये होतच असतं. आवाज ऐकू येतो, त्यावर भाव पाडता येतो. त्याला मी फसवणूक म्हणत नाही. थर्मोस्टॅट आपोआप गळून पडत नाही; तो कोणीतरी पाना लावून, विचार करून काढलेला असतो. राग त्याचा आहे.

विकणाऱ्याला मेकॅनिकचा अहवाल पाठवला. "दिली तेव्हा गाडी ठीक होती," एवढंच म्हणून त्याने फोन घेणं बंद केलं.

गाडी बघायला जाल तेव्हा ती रात्रभर बंद ठेवायला सांगा आणि पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. कोमट असेल तर दुसऱ्या दिवशी या, कारण अडखळणं आणि पांढरा धूर गार इंजिन सुरू करतानाच दिसतात. इग्निशन चालू केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो, हे डोळ्यांनी पाहा. लागलाच नाही तर दिवाच निकामी केलेला असू शकतो. इंजिन गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा, गरम असताना कधीही नाही. कूलंटवर तेलाची साय, झाकणाला तपकिरी गाळ किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला, तर स्वतःच्या मेकॅनिककडून कूलंटच्या यंत्रणेची दाबाची चाचणी करून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नका. तो मेकॅनिक विकणाऱ्याने सुचवलेला नसावा.